दमनक खोटं किती बोलला?

तान्हा पोळा जवळ आला की नागपूरच्या चर्चेत एक विषय ठरलेला: यंदा बडगे कोणाचे? काळी मारबत आणि पिवळी मारबत हे दोन पुतळे दरवर्षीचेच. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. बडगे, म्हणजे त्यांच्यासोबत निघणारे टीकेचे पुतळे, मात्र दर साली नवे असतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत सगळी मिरवणूक इतवारी-महालच्या गल्ल्यांतून फिरते आणि शेवटी पुतळे पेटवले जातात.

बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगताना आपण पटकन म्हणतो, ‘ही राजकीय टीका आहे, बाप्पा.’ ते खरंच आहे. राजकारणावर थेट न बोलता पुतळ्यांतून, प्राण्यांतून किंवा गोष्टीतून बोलायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यातला एक कोपरा आज उघडून पाहू. अशा गोष्टींमध्ये नेहमी एक गोडबोल्या असतो. त्याच्याकडे ना तलवार असते ना सिंहासन, असते ती फक्त जीभ, आणि तरी राज्य तोच उलथवतो. हे त्याला जमतं कसं?

‘खोटं बोलून’ असं उत्तर लगेच सुचतं. ते अपुरं आहे.

रूपककथा म्हणजे काय, एवढं आधी

गोष्ट एकाची सांगायची आणि रोख दुसऱ्यावर ठेवायचा, ही रूपककथा. सिंह म्हटलं की राजा, कोल्हा म्हटलं की दरबारी. राजकीय रूपककथेत हा रोख सत्तेवर असतो. ती सांगायचं एक कारण भीती आहे: राजाला ‘तुम्ही कानाचे हलके आहात’ असं तोंडावर सांगता येत नाही, सिंहाबद्दल सांगता येतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पात्रं प्राणी असली की आपण बाजू घ्यायची घाई करत नाही. आपला पक्ष, आपली जात, आपला नेता मध्ये येत नाही, त्यामुळे बोलण्यातली कारागिरी स्वच्छ दिसते.

एक खोटं आणि दोन खुणा

ही कारागिरी सर्वांत बारकाईने दिसते पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, म्हणजे ‘मित्रभेदा’त. शाळेत आपण तिची चार ओळींची आवृत्ती ऐकलेली असते, म्हणून ती थोडी सावकाश पाहू.

वर्धमान नावाच्या व्यापाऱ्याचा संजीवक हा बैल वाटेत जायबंदी होतो आणि यमुनेकाठी मागे राहतो. गवत खाऊन तो धष्टपुष्ट होतो आणि डरकाळ्या फोडू लागतो. पाणी प्यायला आलेला पिंगलक हा सिंह तो आवाज ऐकून घाबरतो, पण घाबरल्याचं कबूल करत नाही. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे जुन्या मंत्र्यांचे मुलगे, सध्या पदाबाहेर. राजा घाबरलाय हे दमनक हेरतो, ‘आवाजाचा बंदोबस्त करतो’ म्हणून पुढे होतो आणि बैलाला अभय देऊन दरबारात आणतो. सिंह आणि बैल जिवलग मित्र होतात. इथे गणित फिरतं. सिंह गप्पांत रमतो, शिकार सोडतो आणि उरल्यासुरल्यावर जगणारे उपाशी राहू लागतात. हितोपदेशाने हीच गोष्ट घेतली, पण कारण बदललं: मांसाच्या साठ्याचा कारभार कोल्ह्यांच्या हातून काढून गवत खाणाऱ्या बैलाकडे दिला जातो. म्हणजे भांडण तत्त्वाचं नाही, कोठाराच्या किल्लीचं आहे.

आता दमनक काय करतो ते पाहा. सिंहाकडे जाऊन सांगतो की संजीवक तुमच्या जिवावर उठलाय. सिंह लगेच विश्वास ठेवत नाही. ‘मी त्याला अभय दिलंय, तो असं का करेल?’ असं विचारतो. दमनक चिडत नाही, दुसरी एक गोष्ट सांगतो, नीतीची वचनं पेरतो. शेवटी सिंह विचारतो की त्याच्या मनात द्रोह आहे हे मी ओळखायचं कसं? दमनकाचं खरं काम या प्रश्नाच्या उत्तरात आहे. हितोपदेशात तो म्हणतो, तो ताठ्यात, शिंगांची टोकं पुढे करून आणि बिचकल्यासारखा आला, की समजा.

मग तो बैलाकडे जातो, चेहरा पाडून. आधी काही सांगतच नाही. खोदून विचारल्यावर, अगदी नाइलाजाने, ‘राजा तुला मारणार आहे’ असं सांगतो. बैलही तेच विचारतो: मी ओळखू कसं? उत्तर मिळतं, शेपटी वर, पंजा उचललेला आणि जबडा उघडा दिसला, की समज.

दोघं समोरासमोर येतात. बैल घाबरलेला आहे, म्हणून शिंगं पुढे करूनच येतो. सिंह सावध आहे, म्हणून पंजा उचलूनच उभा असतो. प्रत्येकाला समोर नेमकी तीच खूण दिसते आणि ती खूण खरी असते. डोळे त्यांना फसवत नाहीत. दमनकाने प्रत्येकाला एक खोटं सांगितलं. त्याचा पुरावा मात्र त्या दोघांनी एकमेकांसाठी तयार केला.

मला सांगायचं आहे ते एवढंच. रूपककथेतला पट्टीचा गोडबोल्या निष्कर्ष हातात देत नाही. काय पाहायचं ते सांगतो आणि बाजूला होतो. निष्कर्ष आपण स्वतः काढतो, म्हणून तो आपल्याला आपला वाटतो, आणि आपल्या निष्कर्षावर शंका घेणं दुसऱ्याच्या सांगण्यावर शंका घेण्याहून फार अवघड असतं.

आजची भाषा वापरायची तर समजा, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या वस्त्यांत दोन वेगळे मेसेज फिरले. इकडे ‘उद्या तिकडची दुकानं लवकर बंद झाली तर समजा काहीतरी शिजतंय’, आणि तिकडे नेमकं हेच, इकडच्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे दुकानदार घाबरून पाचलाच शटर ओढतात. दोघांनाही पुरावा मिळाला. मेसेज पाठवणारा त्या रस्त्यावर नव्हताही.

पण सिंहाने त्याचं ऐकलंच का?

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन आधार सांगितले आहेत: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. आपण फसवणूक शोधताना बहुतेक वेळा युक्तिवाद तपासतो. दमनकाची ताकद पहिल्या दोहोंत आहे. तो मंत्र्याचा मुलगा आहे, पूर्वी एकदा राजाच्या उपयोगी पडलेला आहे. आणि दोन्ही ठिकाणी तो सांगायला नाखूश असल्याचं दाखवतो. स्वतःहून पुढे येणाऱ्याचा आपल्याला संशय येतो, पण ज्याच्या तोंडून बातमी ओढून काढावी लागली त्याचा कशाला येईल? ‘माझं नाव कुठे घेऊ नका, पण तुम्हाला म्हणून सांगतो’ या वाक्याची जादू हीच आहे.

‘जोन्स परत यायला हवा आहे का?’

दुसरा नमुना विसाव्या शतकातला, जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’मधला. ऑर्वेल बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मला, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४३ बीबीसीवरून हिंदुस्थानसाठीच्या प्रसारणाचं काम करत होता. प्रचार कसा बनतो हे त्याने आतून पाहिलं होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये आलेलं हे पुस्तक रशियन क्रांती आणि स्टालिनच्या राजवटीवरचं रूपक आहे. जोन्स या मालकाला प्राणी हाकलून देतात, शेत सगळ्यांचं होतं आणि हळूहळू डुकरांचं होतं. नेपोलियन हा सत्ताधारी डुक्कर फारसा बोलत नाही. बोलायला स्क्वीलर हा दुसरा डुक्कर आहे.

दूध आणि सफरचंदं फक्त डुकरांनाच का, असा प्रश्न येतो तेव्हा स्क्वीलर म्हणतो की आम्हाला ती आवडतसुद्धा नाहीत, पण डोक्याचं काम करणाऱ्यांना ती लागतात, विज्ञानाने हे सिद्ध केलंय. आणि मग हुकमी प्रश्न: आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल, तुम्हाला तो परत यायला हवा आहे का? कोणालाच नको असतो. प्रश्न मिटतो.

नागपुरात बर्डीवर साड्यांच्या दुकानात बसल्यावर दुकानदार ‘घेणार का?’ असं कधीच विचारत नाही, ‘ताई, हिरवी बांधू की मरून?’ असं विचारतो. न घेता उठायचा पर्याय कोणी नाकारलेला नसतो, तो फक्त उच्चारलेला नसतो. स्क्वीलरही तेच करतो: एकीकडे डुकरांचं दूध, दुसरीकडे जोन्स. ‘जोन्सही नको आणि दूधही सगळ्यांना वाटा’ हे वाक्य त्या शेतावर कोणी बोलतच नाही.

स्क्वीलरची दुसरी युक्ती आठवणीवर चालते. भिंतीवर सात नियम रंगवलेले असतात. कोणत्याही प्राण्याने पलंगावर झोपू नये, हा त्यांतला एक. डुकरं पलंगावर झोपू लागतात, आणि क्लोव्हर घोडी म्युरिएल शेळीकडून नियम वाचून घेते तेव्हा तिथे ‘चादर घातलेल्या’ पलंगावर असं निघतं. क्लोव्हरला हे शब्द आठवत नाहीत, पण भिंतीवर आहेत म्हणजे असतीलच, असं ती मानते. पुढे एका रात्री शिडीवरून पडलेला स्क्वीलर रंगाचा डबा आणि ब्रश यांच्याशेजारी सापडतो, तरीही बहुतेकांना काही उमगत नाही.

एक गोष्ट इथे सोडून चालणार नाही. स्क्वीलर बोलत असताना नेपोलियनचे कुत्रे जवळच गुरगुरत असतात आणि वाद सुरू झाला की मेंढ्या एकच घोषणा ओरडत राहतात. नुसत्या वक्तृत्वाने तो जिंकला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शब्द, दहशत आणि गोंगाट यांचं काम वाटलेलं आहे. शब्दांच्या वाट्याला एवढंच येतं की घाबरून गप्प बसलेल्याला ‘मला पटलं म्हणून मी गप्प आहे’ असं स्वतःला सांगता यावं.

विसंगती दिसली की माणूस सावध होत नाही का?

व्हायला हवा. पण तीन ठग आणि बकऱ्याची गोष्ट पुन्हा वाचा, लहानपणची नव्हे, पंचतंत्रातली. हितोपदेशात तिघेही ठग बकऱ्याला कुत्राच म्हणतात. हे समजण्यासारखं आहे, तीच गोष्ट तीनदा ऐकली की खरी वाटू लागते. पंचतंत्राच्या एका प्रचलित पाठात मात्र पहिला कुत्रा म्हणतो, दुसरा मेलेलं वासरू आणि तिसरा गाढव. तिन्ही साक्षी एकमेकींना खोडतात! खरं तर ब्राह्मणाने इथेच हसून पुढे निघायला हवं होतं. पण तो विसंगती स्वतःच मिटवतो: हा रूपं बदलणारा राक्षस असला पाहिजे. आणि बकरा टाकून पळतो.

एकाच आठवड्यात ‘विरोधक दुबळे आहेत, संपलेत’ आणि ‘विरोधकांपासून देशाला भयंकर धोका आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघतात, आणि ऐकणाऱ्याला ती टोचत नाहीत. दोन्हींना सांधणारा राक्षस तो आपल्या मनात आधीच उभा करून बसलेला असतो. (हे कोणत्या पक्षाबद्दल, असं विचारू नका. तुम्ही ज्याला मत देत नाही त्याचं नाव तुमच्या मनात आलं असेल. समोरच्याच्याही मनात तसंच आलं आहे.)

मग काय, मन वळवणारं प्रत्येक बोलणं फसवंच?

हा आक्षेप रास्त आहे. वकील मन वळवतो, डॉक्टर गोळी घ्यायला मन वळवतो, आईसुद्धा. भीती दाखवणं हेही नेहमी गैर नसतं, रस्त्यावरचा ‘पुढे धोकादायक वळण’ हा फलक भीतीच दाखवतो.

मी एक कसोटी वापरतो. ज्यांच्याबद्दल बोललं जातंय आणि ज्यांना सांगितलं जातंय, ते सगळे एका खोलीत बसले तर हे भाषण टिकेल का? दमनकाचं टिकणार नाही. पिंगलक आणि संजीवक शांतपणे पाच मिनिटं बोलले असते तर सगळा डाव कोसळला असता, म्हणून तर त्याला ते वेगवेगळे हवे होते. ठगांना निर्जन वाट लागते, बाजारपेठेत बकऱ्याला कुत्रा म्हणता येत नाही. स्क्वीलरला बहुतेक प्राणी निरक्षर असणं सोयीचं आहे. डॉक्टरचं मात्र टिकतं, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे कागद दाखवलेत तरी. शब्द गोड आहेत की कडू, आवाज चढा आहे की मऊ, यावरून काहीच कळत नाही. पडताळणीची वाट मोकळी ठेवली आहे की अडवली आहे, यावरून पुष्कळ कळतं.

ही कसोटी प्रत्येक वेळी लागू पडेल असा माझा दावा नाही. युद्धात, वाटाघाटीत काही गोष्टी झाकून ठेवाव्याच लागतात. पंचतंत्रातलाच, घुबडांच्या दरबारात शिरणारा स्थिरजीवी हा कावळा असाच आहे. अंगाला रक्त माखून, आपल्याच राजाने हाकललं असं भासवून तो शत्रूकडे आश्रय मागतो, गुहेच्या तोंडाशी घरट्याच्या निमित्ताने रोज थोड्या काटक्या जमवतो आणि शेवटी त्या पेटवल्या जातात. गोष्ट त्याची बाजू घेते, त्याला हुशार मंत्री म्हणते! पंचतंत्र फसवणुकीपासून सावध करणारं पुस्तक आहे अशी समजूत असेल तर इथे ती अडखळते. पंचतंत्र सांगणारा विष्णुशर्मा राजपुत्रांना शिकवत होता, आणि राजपुत्रांना दोन्ही बाजू लागतात.

‘शिकलेली माणसं असल्या थापांना फसत नाहीत’

घुबडांच्या राजाचे मंत्री काही अडाणी नव्हते. रक्ताक्ष सोडला तर बाकीच्यांनी शरणागताला अभय द्यावं या बाजूने गोष्टी आणि दाखले देऊन युक्तिवाद केला. शिक्षणाने त्यांना फसायची चांगली कारणं पुरवली. शरण आलेल्याला मारू नये हे तत्त्व उत्तमच आहे, स्थिरजीवीने त्याच तत्त्वाचा दरवाजा वापरला. एकटा रक्ताक्ष ‘याला मारा’ म्हणत राहिला आणि कोणी ऐकेना तेव्हा आपली माणसं घेऊन निघून गेला.

आणि ‘ॲनिमल फार्म’मधला बेंजामिन गाढव? त्याला डुकरांइतकंच वाचता येतं. शिडी-ब्रशाचा अर्थही त्याला एकट्याला कळतो, पण तो बोलत नाही. तो पहिल्यांदा सगळ्यांना हाकारतो आणि गाडीवरचं नाव मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा बॉक्सर घोड्याला खाटकाच्या गाडीत चढवलेलं असतं. नंतर स्क्वीलर समजावतो की गाडी पूर्वी खाटकाची होती, ती गुरांच्या डॉक्टरने विकत घेतली, नाव पुसायचं राहिलं. प्राण्यांना हायसं वाटतं.

आणि मारबत? तीही मनं वळवतेच की

हो. रूपक हे स्वतःच एक वक्तृत्व आहे, त्याला सूट देऊन चालणार नाही. ‘घेऊन जा गे मारबत’ या एकाच साच्यात खोकला, रोगराई, महागाई आणि एखादा माणूस एका रांगेत बसतात. तो माणूस रोगराईइतकाच वाईट का, याचा पुरावा कोणी मागत नाही, यमक जुळलं की झालं.

काळी मारबत नागपूरच्या राणी बाकाबाई भोसले यांच्यावरून निघाली, त्या इंग्रजांना मिळाल्या म्हणून, अशी समजूत आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं गेलं आणि कारभार इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखाली गेला. त्या काळात राजवाड्याची सूत्रं बाकाबाईंकडे होती, एवढं खरं. पण १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि राजवाड्यातली संपत्ती लिलावात निघाली, तेव्हा त्या लिलावाला विरोध करणाऱ्या राण्यांतही बाकाबाई होत्या. पुतळ्यात एकच चेहरा मावतो. इतिहासातल्या बाईचे दोन तरी होते.

तरीही मी मारबतीला दमनकाच्या रांगेत बसवणार नाही. ती भर रस्त्यात, दिवसाढवळ्या निघते. तो पुतळा आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्याचा बडग्या असतो तोही बघू शकतो, रागावू शकतो, उत्तर देऊ शकतो. मला काळजी वाटते ती कानात सांगितल्या जाणाऱ्या रूपकांची, जिथे कोणाचा तरी पुतळा आपल्या फोनमध्ये उभा केला जातो आणि ज्याचा तो आहे त्याला पत्ताही नसतो.

दमनकाला शिक्षा झाली का?

संस्कृतात नाही झाली. बैल मरतो, सिंह शोक करतो, दमनक त्याला ‘राजाने असा शोक करू नये’ असं समजावतो आणि मंत्री होतो. करटकाने त्याला खडसावलेलं असतं, तेवढंच.

ही गोष्ट सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेली आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत आणली. तिथे ‘कलीला व दिम्ना’ या नावाने करटक-दमनकच बोलतात. अरबी आवृत्तीत एक जादा प्रकरण आहे, ते त्यानेच जोडलं असं अभ्यासक मानतात: दिम्नाचा खटला. भर दरबारात आरोप होतात आणि दिम्ना एकेकाला असा निरुत्तर करतो की वाचणाऱ्यालाही क्षणभर तो निर्दोष वाटावा. बोलण्यात त्याला कोणी हरवू शकत नाही. पण ज्या रात्री त्याचा मित्र त्याला खडसावत होता, त्या रात्री बाहेरून जाणाऱ्या एका बिबट्याने ते संभाषण ऐकलेलं असतं, आणि तुरुंगातलं त्याचं बोलणंही आणखी एका प्राण्याच्या कानावर पडलेलं असतं. ते दोघे साक्षीला उभे राहतात आणि दिम्नाला मृत्युदंड होतो.